दमलेली मोटार

बैलगाडी चढावर थांबली, तर कारण शोधण्यास फारसे शहाणपण लागत नाही. बैलांच्या तोंडाला फेस आलेला दिसतो, नाहीतर चाक चिखलात रुतलेले असते, किंवा वंगणावाचून आस करकरत असतो. मोटारीचे तसे नसते. तिचे सारे बळ एका बंद झाकणाखाली तयार होते आणि तेथून दांड्या व दंतचक्रे यांच्यामार्फत चाकांपर्यंत पोहोचते. या लांबच्या वाटेत कोठेही खोट झाली, तरी बसणाऱ्याला जाणवते ते एकच : पाय दाबला तरी गाडी वेग घेत नाही. गॅरेजातील लोक म्हणतात, ‘गाडीला पिकअप नाही’. चालक म्हणतो, ‘गाडी उचलत नाही’. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात यालाच त्वरण कमी पडणे असे म्हणतात. तक्रार एक असली, तरी तिची कारणे वीस-पंचवीस असू शकतात. आणि त्यांतील खरे कारण ओळखणे हाच या विद्येतील कठीण भाग होय. कारण एकदा कळले, की पुष्कळ वेळा हाताचे काम थोडेच उरते.

उचल कमी पडणे ही केवळ गैरसोय असती, तर तिच्यासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. परंतु रस्त्यावर कित्येकदा जीव वाचतो, तो ऐनवेळी मिळालेल्या वेगामुळे. एक साधा हिशेब करून पाहावा. सरळ रस्त्यावर एक मालट्रक ताशी ३० किलोमीटर वेगाने पुढे चालला आहे. त्याला ओलांडावयाचे म्हणजे मोटारीने त्याच्यापेक्षा सुमारे ३० मीटर अधिक अंतर कापले पाहिजे. त्यात ट्रकची लांबी आली आणि त्याच्या मागे-पुढे सोडावयाची मोकळी जागाही आली. मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर दोहोंच्या वेगांतील फरक २० किलोमीटरांचा होतो आणि साडेपाच सेकंदांत काम उरकते. तीच मोटार दमलेली असून ४० च्या वर जात नसेल, तर हा फरक १० वर येतो आणि त्याच कामाला ११ सेकंद लागतात. समोरून ताशी ५० किलोमीटर वेगाने एखादी बस येत असली, तर पहिल्या खेपेस सुमारे १५० मीटर मोकळा रस्ता पुरतो; दुसऱ्या खेपेस तो २७० मीटर हवा. चालकाच्या नजरेला मात्र सवय असते ती १५० मीटरांचीच. अवघा १० किलोमीटर वेग उणा झाला, एवढ्याने हा फरक पडतो.

सपाट रस्त्यावर अशक्त इंजिनाची लाज झाकली जाते. चढावर ती उघडी पडते. साताऱ्याजवळील वाई गावाहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट बारा-तेरा किलोमीटरांत सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठतो. म्हणजे दर वीस-बावीस मीटर पुढे जाताना गाडीला एक मीटर वर चढावे लागते. प्रवासी व सामान धरून गाडीचे वजन दीड टन असेल, तर एवढा चढ तिला सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने सतत मागे ओढत असतो. जणू गाडीला दोर बांधलेला आहे आणि तो दोर रहाटावरून सोडून त्याच्या टोकाला एक मोठा माणूस लोंबकळतो आहे. वाईपासून पाचगणीपर्यंत हा माणूस खाली उतरत नाही. म्हणूनच जुने मेस्त्री गाडीची परीक्षा घाटात घेतात.

आता असे समजा, की वाईत राहणारा एक तरुण टॅक्सीचालक पर्यटकांना पाचगणी-महाबळेश्वरास नेऊन आपला चरितार्थ चालवीत आहे. गाडी पेट्रोलवर चालणारी, सात-आठ वर्षांची जुनी, कर्ज काढून घेतलेली. मे महिन्याचा ऐन हंगाम आला आणि गाडीने घाटात मान टाकली. तिसऱ्या गिअरमध्ये जो चढ ती सहज चढे, तो दुसऱ्यातही तिला जड जाऊ लागला. एकदा ट्रक ओलांडताना ती मध्येच ढिली पडली आणि समोरून एस. टी. बस येताना पाहून त्याला पुन्हा ट्रकच्या मागे यावे लागले. मागे बसलेल्या प्रवाशांपैकी कोणी काही बोलले नाही; पण परतीच्या प्रवासासाठी त्यांनी दुसरी गाडी ठरविली.

त्याने एका गॅरेजात गाडी दाखविली, तेथे नवे प्लग बसविले गेले. दुसऱ्या गॅरेजात हवेचा फिल्टर व पेट्रोलचा पंप बदलला गेला. दोन्हीकडे पैसे भरपूर गेले आणि गाडी होती तशीच राहिली. असे पुष्कळ ठिकाणी घडते. रोग ओळखण्याआधी औषधांच्या बाटल्या एकामागून एक रिकाम्या करीत जावे, तसाच हा प्रकार; फरक इतकाच, की गाडी कण्हत नाही आणि बिल चालकाच्या हाती पडते.

शेवटी तो एका वयोवृद्ध मेस्त्रीकडे गेला. मेस्त्रीने गाडीचे झाकण उघडलेच नाही.

“काका, पंप नवा आहे, प्लग नवे आहेत, फिल्टर नवा आहे. आता काय बदलायचे राहिले?” चालकाने विचारले.

“बदलायचे ते मग पाहू. आधी सांग, गाडी दमते केव्हा? सकाळी थंड असताना, की तापल्यावर?”

“तापल्यावर जास्त. घाटाच्या पायथ्याशी बरी असते. अर्धा घाट चढली, की जीवच राहत नाही.”

“जागेवर उभी असताना इंजिन कसे चालते?”

“एकदम मऊ. काही तक्रार नाही.”

“आणि या दुखण्याच्या आधी दुसरे काही दुखणे होते का? मागच्या दोन-तीन महिन्यांत?”

चालकाने जरा आठवून सांगितले, की गाडी सुमारे दोन महिने अधूनमधून झटके देत होती. झटके सोसवत होते, म्हणून त्याने दुर्लक्ष केले. पुढे एक कॉइल बदलल्यावर झटके थांबले. ‘ते जुने झाले,’ असेही तो म्हणाला. मेस्त्रीने मान हलविली. पण ते विसरला नाही.

या प्रश्नांमागे काय हेतू होता, हे कळण्यासाठी इंजिनाचे काम थोडे समजून घेतले पाहिजे. जर्मनीतील निकोलाउस ऑटो याने १८७६ साली जे चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखविले, त्याचेच तत्त्व आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत वापरले जाते. एका बिडाच्या अथवा ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात एक दट्ट्या वर-खाली होतो. पहिल्या टप्प्यात तो खाली उतरतो आणि हवा व पेट्रोलचे तुषार आत ओढून घेतो. दुसऱ्यात तो वर येऊन हे मिश्रण दाबतो. मग प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण भडकते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो; गाडीला बळ मिळते ते याच एका टप्प्यात. चौथ्या टप्प्यात दट्ट्या पुन्हा वर येऊन जळालेला वायू धुराच्या नळीत लोटून देतो. चार नळकांड्यांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्यांतील प्रत्येक ठिणगीच्या वेळी हवा, पेट्रोल आणि दाब हे तिघेही हजर असावे लागतात, आणि आधीचा वायू बाहेर गेलेला असावा लागतो. म्हणून मेस्त्री मनाशी विचारतो : श्वास नीट येतो का? अन्न पुरेसे मिळते का? ठिणगी वेळेवर पडते का? दाब धरला जातो का? उच्छ्वास मोकळा आहे का? आणि इंजिन निर्दोष असेल, तर त्याचे बळ वाटेत कोणी गिळत तर नाही ना?

अनुभवी माणूस हा शेवटचा प्रश्न पहिल्याने घेतो, कारण त्याचे उत्तर शोधण्यास काहीच खर्च येत नाही. मेस्त्रीने चालकाच्या पायाखालची जाड सतरंजी उचलून बाजूला केली आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला जातो की नाही, ते पाहिले. हे वाचून हसू येईल. परंतु सतरंजीमुळे अर्धवट दबणाऱ्या ॲक्सिलरेटरपायी इंजिने उघडली गेल्याच्या गोष्टी गॅरेजांतून ऐकू येतात. मग त्याने टायरमधील हवा मोजली. गाडी थोडी चालवून, ब्रेक न लावता थांबविली आणि चारही चाकांच्या जवळ हात नेऊन पाहिला. एखादे चाक इतरांपेक्षा तापलेले असते, तर त्याचा ब्रेक सुटत नाही असे ठरले असते. मग इंजिनाने कितीही जोर केला, तरी त्यातील काही भाग ब्रेक घासण्यातच खर्ची पडतो. चारही चाके सारखीच कोमट होती.

राहिला क्लच. इंजिनाचे बळ गिअरकडे पोहोचविणारी ही तबकडी झिजली, की ती घसरू लागते. याची खूण अगदी स्पष्ट असते : चढावर पाय दाबला, की इंजिनाचा आवाज चढतो, फेरे वाढतात, पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. येथे तसे नव्हते. पाय दाबला तरी आवाजच चढत नव्हता. म्हणजे बळ वाटेत सांडत नसून मुळातच कमी तयार होत होते. दहा-पंधरा मिनिटांत, एकही पाना हातात न घेता, संशयितांपैकी निम्मे निर्दोष सुटले.

आता झाकण उघडले गेले. इंजिनाच्या श्वासाविषयी लोकांचा अंदाज बहुधा चुकतो. पेट्रोल महाग असल्याने सगळ्यांचे लक्ष पेट्रोलकडे असते. परंतु एक किलोग्रॅम पेट्रोल नीट जळण्यास १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एक लीटर पेट्रोलच्या वाट्याला सुमारे ९००० लीटर हवा येते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि एक मीटर खोल अशा हौदात मावेल इतकी ही हवा. ती सगळी एका वहीएवढ्या कागदी फिल्टरमधून गाळून आत जाते. उन्हाळ्यात मातीच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर फार लवकर भरतो, आणि मग इंजिनाची स्थिती नाकाला फडके बांधून घाट चढणाऱ्या माणसासारखी होते. या गाडीचा फिल्टर नवा व स्वच्छ होता. फिल्टरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी मेस्त्रीने बोटांनी चाचपली. तिला कोठे चीर नव्हती.

पेट्रोलचा प्रश्नही फार वेळ खाणारा नव्हता. पूर्वीच्या अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाड्यांत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करण्याचे काम कार्ब्युरेटर नावाचे भांडे करी. त्याच्या बारीक छिद्रात कचऱ्याचा एखादा कण अडकला, की गाडी दमे; आणि चालक रस्त्याच्या कडेला बसून, छिद्र तोंडाने फुंकून, पुन्हा मार्गस्थ होई. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी २०२३ साली कायमची निवृत्त झाली आणि तिच्याबरोबर ही फुंकण्याची कलाही जवळजवळ गेली. आजच्या गाड्यांत पेट्रोल पंपाने दाबून सूक्ष्म पिचकाऱ्यांतून फवारले जाते आणि किती फवारावयाचे हे एक छोटा संगणक ठरवितो. पंप अशक्त झाला किंवा त्याची जाळी भरली, तर सपाटीवर पुरणारे पेट्रोल चढावर पुरत नाही. मेस्त्रीने पेट्रोलच्या वाटेवर दाबमापक जोडला, इंजिनाचा वेग वाढवून पाहिला, आणि दाब जेवढा हवा तेवढाच राहतो अशी खात्री करून घेतली. जुना पंप चालकाने डिकीत जपून ठेवला होता. तोही जोडून मोजला, तेव्हा त्याचाही दाब पुरेसाच भरला. चालकाचा चेहरा उतरला. नव्या पंपाचे पैसे व्यर्थ गेले होते.

यानंतर गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडण्यात आला. स्कॅनर हे आजच्या गॅरेजातील मोठे उपयुक्त साधन होय. परंतु त्याच्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. स्कॅनर रोग सांगतो, असे लोकांना वाटते. वस्तुतः तो तापमापकासारखा आहे. ताप किती आहे हे तापमापक सांगतो. तो हिवतापाचा की आणखी कशाचा, हे वैद्याने शोधावयाचे असते. या गाडीच्या संगणकात एकच नोंद सापडली, आणि तीही जुनी : तिसऱ्या नळकांड्यात ज्वलन वारंवार चुकले होते. चालकाने सांगितलेल्या झटक्यांची ही लेखी साक्ष होती.

मेस्त्रीने चारही प्लग काढून एका स्वच्छ फडक्यावर ओळीने मांडले. प्लगचे टोक वाचता आले, तर ते नळकांड्यातील हकिगत सांगते. फिकट तपकिरी रंग म्हणजे ज्वलन ठीक. काजळी धरलेले काळे टोक म्हणजे पेट्रोल अधिक आणि हवा उणी. तेलकट ओले टोक म्हणजे आत इंजिनातील तेल जळत आहे. आणि पांढरे पडलेले टोक म्हणजे नळकांडे प्रमाणाबाहेर तापते आहे. चारही टोके जवळजवळ सारखी होती. मात्र तिसऱ्या प्लगच्या वरच्या अंगाला, जेथे तेलाचा थेंबही असता कामा नये तेथे, तेलाचा ओलावा होता. मेस्त्रीने तो बोटावर घेऊन पाहिला, फडक्याला पुसला आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागला. प्लगच्या रिकाम्या छिद्रांत एकामागून एक दाबमापक लावून त्याने नळकांड्यांचा दाब मोजला. निरोगी पेट्रोल इंजिनात तो दर चौरस सेंटिमीटरला १० ते १३ किलोग्रॅमच्या आसपास असतो आणि चारही ठिकाणी जवळजवळ सारखा असावा लागतो. एखाद्या ठिकाणी तो फार कमी भरला, तर तेथे चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. तेलाने दाब वाढला, तर दट्ट्याभोवतीच्या कड्या झिजल्या. न वाढला, तर झडप नीट बसत नाही. येथे तेल सोडण्याची वेळ आली नाही. दाब उत्तम होता.

श्वास, अन्न, ठिणगी, दाब या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली. राहिला उच्छ्वास, आणि त्याचा विचार मागील दोन्ही गॅरेजांत कोणी केलाच नव्हता. बसमधील माणसे उतरल्याखेरीज दाराशी थांबलेली माणसे चढू शकत नाहीत. इंजिनाचेही तसेच आहे. जळालेला वायू बाहेर पडला नाही, तर ताज्या हवेला जागा कोठून मिळणार? जागेवर उभ्या असलेल्या गाडीत थोडाच वायू निर्माण होतो, म्हणून तो अरुंद वाटेनेही निघून जातो आणि इंजिन ‘मऊ’ चालते. चढावर वायूचा लोंढा येतो, वाट तुंबते आणि गाडी गुदमरते. चालकाने सांगितलेली प्रत्येक खूण या एका कारणाशी जुळत होती.

परंतु जुळते म्हणजे ठरते असे नाही. धुराच्या नळीवर, इंजिनाजवळच, प्राणवायू मोजणारी एक कळ बसविलेली असते. मेस्त्रीने ती काढून त्या छिद्रात दाबमापक लावला. मोकळ्या नळीत हा दाब इंजिनाचा वेग वाढविल्यावरही दर चौरस सेंटिमीटरला ०.२ किलोग्रॅमच्या आतच राहावा. काटा ०.५ च्या पुढे गेला. मग पडताळा म्हणून त्याने ते छिद्र थोडा वेळ उघडेच ठेवले आणि गाडी जवळच्या चढावर नेली. आवाज मोठा झाला, पण गाडी पूर्वीसारखी झेपावली. आता संशय उरला नाही.

नळीच्या वाटेवर एक पोलादी डबा असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या आत चिनी मातीसारख्या पदार्थाचे, मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे असंख्य बारीक नळ्या असलेले एक जाळे असते. या नळ्यांना प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मूल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. त्यांच्या सान्निध्यात धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळालेले पेट्रोल जळून जाते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फुटून साधा नायट्रोजन सुटा होतो. डबा काढून मेस्त्रीने तो उन्हाकडे धरला. निरोगी पोळ्यातून उजेडाचे शेकडो ठिपके दिसावयास हवे होते. येथे एका कडेला मूठभर ठिपके दिसले. बाकीचे पोळे वितळून, गुळाच्या ढेपेसारखे एकजीव होऊन बसले होते.

ते वितळले कसे? येथे त्या जुन्या झटक्यांचा उलगडा झाला. काम करताना या डब्याचे तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या वर असतेच. तिसऱ्या नळकांड्यात ठिणगी चुकली, की तेथील पेट्रोल न जळताच बाहेर पडे आणि या तापलेल्या डब्यात येऊन पेटे. दोन महिने असे चालल्यावर आतील उष्णता १००० अंशांच्या पलीकडे गेली आणि पोळे वितळू लागले. झटके थांबले ते कॉइल बदलल्यावर. तोवर डबा निकामी झाला होता. आणि ठिणगी तरी का चुकत होती? मेस्त्रीने तिसऱ्या प्लगची विहीर चालकाला दाखविली. इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचे रबरी पॅकिंग कडक होऊन तडकले होते. त्यातून पाझरलेले तेल प्लगच्या विहिरीत साचे, प्लगवरील रबरी टोपी त्यात भिजून खराब होई, आणि वीज टोकाशी न जाता बाजूनेच निसटे. जुनी कॉइल याच भाराने गेली. नवीन कॉइलही त्याच मार्गाने गेली असती. आणि तिच्यामागून नवा डबा बसविला असता, तर तोही. अगदी थोड्या किमतीच्या रबराने हे सगळे घडविले होते.

नव्या डब्याची किंमत ऐकून चालक काही वेळ गप्प बसला. महिन्याचा हप्ता आठ दिवसांवर आला होता.

“काका,” तो हळूच म्हणाला, “आतले पोळे फोडून रिकामाच डबा परत बसवला तर? पुष्कळ जण तसेच करतात म्हणे. गाडी धावेल ना?”

“धावेल की. जोरात धावेल.”

“मग?”

“मग तुझ्या मागे सिग्नलला जो स्कूटरवर उभा असेल, त्याच्या छातीत ते जाईल. त्याच्यापुढे बसलेल्या पोराच्याही जाईल. माझ्या हातून ते काम होणार नाही, बाबा. दुसरीकडे करून घ्यायचे असेल तर तू मोकळा आहेस.”

मेस्त्रीच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. धूर तपासून दिले जाणारे प्रमाणपत्र अशा गाडीला प्रामाणिक तपासणीत मिळणेही कठीण. चालकाने दोन दिवस विचार केला. त्या दोन दिवसांत गाडी उभी राहिली आणि हंगामाच्या चार फेऱ्या बुडाल्या. तिसऱ्या दिवशी तो परत आला. नवा डबा घेण्याचे ठरले. मेस्त्रीने आपली मजुरी पुढील महिन्यावर टाकली. परंतु डब्याला हात लावण्यापूर्वी त्याने पॅकिंग बदलले, विहिरी कोरड्या केल्या, तिसऱ्या प्लगची टोपी नवी घातली आणि एक दिवस गाडी चालवून स्कॅनरवर ज्वलन चुकल्याची नवीन नोंद होत नाही, हे पाहिले. त्यानंतरच नवा डबा चढला.

त्या आठवड्यात गाडी पसरणीचा घाट पूर्वीप्रमाणे तिसऱ्या गिअरमध्ये चढली. परतल्यावर चालकाने मात्र एक बारीक तक्रार सांगितली : पाचगणीपर्यंत उत्तम, पण महाबळेश्वराच्या माथ्यावर गाडी किंचित कमी ओढते. मेस्त्री हसला. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे. तेथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण एक-अष्टमांशाने विरळ असते, आणि इंजिनाच्या प्रत्येक श्वासात तितकीच हवा कमी येते. संगणक त्या मानाने पेट्रोल कमी करून प्रमाण बरोबर राखतो. नसलेली हवा तो आणू शकत नाही. टर्बो नावाचा पंखा बसविलेल्या गाड्या हवा दाबून आत घेतात, त्यांना ही उणीव फारशी जाणवत नाही. या गाडीला तो नव्हता. तेव्हा तेथे उघडून पाहण्यासारखे काहीच नव्हते. वरच्या चढावर गिअर थोडा आधी खाली घ्यावा, एवढेच मेस्त्रीने सांगितले, आणि त्या दिवशी त्याचे पैसे घेतले नाहीत.